घर विकणाऱ्याला परीक्षा, घर सांभाळणाऱ्याला कधी?

आपल्या जावळी-पाटणच्या खोऱ्यांत असे एक घर दाखवा, की ज्याचा एकही माणूस मुंबईला नाही. आजा गिरणीत होता, बापाने माथाडीत ओझी वाहिली. आणि आता नातू काय करतो म्हणून विचारा, तर उत्तर येते, "सोसायटीत आहे." सोसायटी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे विकास सोसायटी येते, पीककर्ज आणि खताची पोती येतात. त्याची सोसायटी ती नव्हे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या मुंबईच्या उपनगरांत एकेका इमारतीची, कुठे सात-आठ इमारतींची मिळून जी सहकारी गृहनिर्माण संस्था असते, तिच्यात तो कामाला. आधी वॉचमन म्हणून लागतो, मग पंप आणि पाण्याची टाकी बघतो, मग ऑफिसात बसून देखभालीच्या पावत्या फाडतो, आणि पाच-सात वर्षांत त्याला सगळे मॅनेजर म्हणू लागतात. त्याच्यापेक्षा बोलका जो असेल तो स्टेशनबाहेर एक टेबल नि दोन खुर्च्या टाकून इस्टेट एजंट होतो.

दोघेही घराच्याच धंद्यात. एक घर विकून देतो, दुसरा विकलेले घर सांभाळतो. या कामाचे शिक्षण दोघांनी कुठे घेतले? बहुतेकांनी कुठेच नाही. बघून बघून शिकले. बघून शिकणे वाईट असे मी म्हणणार नाही, आपली निम्मी शेती तशीच चालते. पण शेतात चुकले तर एका हंगामावर भागते. घराच्या व्यवहारात चुकले तर माणसाची जन्माची कमाई अडकते, आणि ही कमाई पुष्कळदा आपल्याच गावातली असते. म्हणून शेतीच्या पानावर आज हा विषय घेतला आहे.

एजंटाची परीक्षा

आधी एजंटाचे बघू. केंद्र सरकारने २०१६ साली स्थावर संपदेचा कायदा केला आणि २०१७ पासून आपल्या राज्यात महारेरा हे प्राधिकरण कामाला लागले. बिल्डर आणि एजंट या दोघांवर देखरेख ठेवणे हे त्याचे काम. या कायद्याने बिल्डरला प्रकल्पाची नोंदणी सक्तीची केली, तशी एजंटालाही स्वतःची नोंदणी सक्तीची केली. पण पहिली पाच-सहा वर्षे एजंटाची नोंदणी म्हणजे फी भरा, कागद जोडा, नंबर घ्या, एवढीच होती. नंबर घेणाऱ्याला कायद्यातले काही कळते का, हे कोणी विचारत नव्हते. जानेवारी २०२३ मध्ये महारेराने आदेश काढला, की एजंटाने प्रशिक्षण घ्यावे, परीक्षा द्यावी आणि प्रमाणपत्र मिळवावे. त्याशिवाय नवी नोंदणी नाही आणि जुनीचे नूतनीकरण नाही. ज्यांची नोंदणी आधीच होती त्यांना मुदत दिली, ती वाढवली, आणि शेवटी १ जानेवारी २०२४ ही तारीख ठरली. परीक्षेचे काम आयबीपीएसकडे, म्हणजे बँकांच्या नोकरभरतीच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडे दिले. तरीही हजारो एजंट तिकडे फिरकले नाहीत. मग जुलै २०२४ मध्ये महारेराने राज्यातल्या सुमारे वीस हजार एजंटांची नोंदणी स्थगित केली.

वीस हजार! त्यातले आपल्या भागातले किती असतील कोण जाणे. त्या वेळी गावच्या पारावर मी ऐकले, की हा गरिबाच्या पोटावर पाय आहे, बिल्डर मोकळे आणि एजंटाला परीक्षा. बिल्डर मोकळे नसावेत हे मलाही मान्य. पण परीक्षा नको हे मान्य नाही, आणि त्याचे कारण एका गावची गोष्ट आहे. नाव-गाव सांगत नाही.

माथाडीतून निवृत्त झालेल्या एका काकांनी २०१४ साली मुलुंडच्या बाजूला फ्लॅट घ्यायचे ठरवले. फंडाचे पैसे होते, वर रानाचा एक तुकडा विकला. एजंट शेजारच्याच गावचा, नात्यातला. त्याच्या शब्दावर काकांनी बिल्डरला किमतीच्या जवळजवळ निम्मी रक्कम दिली. हातात काय? नुसत्या पावत्या. करारनामा नोंदवलाच नव्हता. पुढे काम थांबले आणि काका दर महिन्याला एसटीने जाऊन अर्धवट खांब बघून येऊ लागले. गावात सगळे त्या पोराला लबाड म्हणतात. मी त्याच्याशी बोललो आहे. पोरगा लबाड नव्हता, त्याने दलालीसुद्धा पूर्ण घेतली नव्हती. त्याला माहीतच नव्हते, की नोंदवलेल्या करारनाम्याशिवाय बिल्डरला किमतीच्या वीस टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. हा नियम काही नवा नव्हता. महाराष्ट्राच्या १९६३ च्या मालकी सदनिका कायद्यात तो होता, म्हणजे त्या पोराच्या बापाच्या लहानपणापासूनचा. २०१६ च्या कायद्याने वीसचे दहा टक्के केले, एवढेच.

आता सांगा, हा एक नियम त्या पोराला कोणी शिकवला असता तर काय झाले असते? त्याने काकांना थांबवले असते. एजंटाच्या अभ्यासाचा फायदा म्हणतात तो इथे आहे, भिंतीवरच्या चौकटीत नाही.

त्या अभ्यासात पुष्कळ गोष्टी येतात. सगळ्या इथे सांगत नाही, पण गिऱ्हाईक म्हणून तुमच्या उपयोगाच्या दोन-चार सांगतो. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचा किंवा आठपेक्षा जास्त घरांचा प्रकल्प नोंदवल्याशिवाय त्याची जाहिरातही करता येत नाही, आणि असे न नोंदवलेले घर विकायला एजंटाने मदत केली तर त्याला दिवसाला दहा हजार रुपये दंड होऊ शकतो, तो घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत चढतो. बिल्डरने गिऱ्हाइकांकडून घेतलेल्या पैशातले सत्तर टक्के वेगळ्या बँक खात्यात ठेवायचे असतात आणि ते त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर व बांधकामावर खर्चायचे असतात. घराचे माप सांगायचे ते कार्पेटचे, म्हणजे घरात सतरंजी अंथरता येईल तेवढे. जिना, लिफ्ट, व्हरांडा यांचा वाटा मिसळून फुगवलेले नव्हे. आणि प्लॉट पाडून विकणाऱ्यालाही हा कायदा लागू आहे. आपल्या घाटावर शनिवार-रविवारी गाड्या घेऊन येणारे जे असतात ना, त्यांना आधी नोंदणीचा नंबर विचारा आणि तो महारेराच्या संकेतस्थळावर घालून बघा. सातबारा आणि फेरफार न बघता आपण बैलजोडीएवढ्या किमतीची जमीनसुद्धा घेत नाही, मग मुंबईतला फ्लॅट नुसता रंगीत कागद बघून कसा घेतो?

आपण हे आधी पाहिले आहे

कृषी विस्ताराच्या कामात असल्याने मला या एजंटांच्या तक्रारी ऐकताना सारखे कृषी सेवा केंद्रवाले आठवतात. २०१५ साली केंद्राने कीटकनाशक विक्रीच्या परवान्याला शिक्षणाची अट घातली, शेतीची किंवा त्या जोडीच्या विज्ञान विषयांची पदवी अथवा पदविका. तेव्हा दुकानदारांनीही हेच म्हटले होते. वीस-वीस वर्षे औषधे विकतोय, आम्हाला काय शिकवता? मुदती मागितल्या, मुदती मिळाल्या. हैदराबादच्या मॅनेज संस्थेचा दुकानदारांसाठीचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम तर २००३ पासून आहे. आठवड्यातला एक दिवस वर्ग, अधूनमधून शिवारफेरी, दुकान बंद ठेवायला नको. पण अट येईपर्यंत त्याच्या वाटेला फार थोडे जण गेले.

मग २०१७ चा पावसाळा आला. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्याला कारणे अनेक होती. दाट आणि उंच वाढलेली कपाशी, उकाडा, तोंडाला फडके नाही, हातमोजे नाहीत, दोन-तीन औषधे एकत्र कालवण्याची सवय. पण कोणते औषध कशात कालवायचे हे शेतकऱ्याला कोण सांगतो? आम्ही विस्तार अधिकारी गावात महिन्यातून किती वेळा येतो हे तुम्हाला माहीत आहे. सांगणारा असतो दुकानदार. तो शिकलेला असावा की नसावा, यावर मग कोणी वाद घातलेला मला आठवत नाही.

माझ्या गटात ज्यांनी तो पदविका अभ्यास मनापासून केला अशा दुकानदारांचा फरक मी बघतो. आधी शेतकऱ्याने कीड सांगितली की डबा काढून द्यायचे. आता विचारतात, पान आणलंय का, अळी किती दिसते, मागची फवारणी कधी केली. एकाने तर गिऱ्हाइकाला "आठ दिवस थांबा, फवारू नका" म्हणून परत पाठवलेले मी कानांनी ऐकले. त्या दिवशी त्याचा गल्ला कमी भरला असेल, पण आज त्याच्या दुकानापुढे गर्दी जास्त आहे. आणि उलटेही बघतो. पदविका एकाची, भिंतीवर चौकट त्याची, आणि काउंटरवर बसतो दुसराच. प्रमाणपत्र भाड्याने द्यायचा हा धंदा एजंटांतही शिरणार नाही असे समजू नका. म्हणून नंबर विचारलात की नंबरावरचे नाव आणि समोरचा माणूस एकच आहे का हेही बघा.

मॅनेजर मात्र मोकळाच

आता खऱ्या मुद्द्यावर येतो. घर विकणाऱ्याला परीक्षा झाली. विकणारा दोन महिने भेटतो आणि जातो. त्यानंतर पन्नास वर्षे ते घर ज्याच्या हाती असते त्या सोसायटीच्या मॅनेजरला काय? काहीच सक्ती नाही. सहकार म्हटला की आपण साखर कारखाना, दूध संघ, पतसंस्था एवढेच धरतो. पण राज्यातल्या एकूण सहकारी संस्थांपैकी निम्म्याहून जास्त संस्था गृहनिर्माणाच्या आहेत, आणि १९६० चा जो सहकार कायदा तुमच्या विकास सोसायटीला, तोच त्यांना. २०१९ साली त्या कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरणच घातले. कायदा वाढला, कामही वाढले. पण ते वाचणारा माणूस कोण?

समितीतले चेअरमन-सेक्रेटरी नोकरी-धंदा सांभाळून संध्याकाळी तासभर येतात. प्रत्यक्ष कागद असतो आपल्या पोराच्या हातात. तोच बिले काढतो, सभासद नोंदवही भरतो, वार्षिक सभेची नोटीस लावतो, ऑडिटरला हिशेब दाखवतो. आपण मुंबईचा फ्लॅट भाड्याने देऊन गावी राहायला आलो, तर सोसायटी बिगरभोगवटा आकार लावते. हा आकार सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त लावता येत नाही असा शासनाचा २००१ चा आदेश आहे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या आदेशाने फ्लॅट दुसऱ्याच्या नावे होताना घ्यायच्या हस्तांतरण प्रीमियमवर मुंबईत पंचवीस हजारांची मर्यादा घातली. थकबाकीवरच्या व्याजालाही मर्यादा आहे. हे आकडे ज्या मॅनेजरला पाठ आहेत तिथे सभासदाची लूट होत नाही आणि सोसायटीवर तक्रारही होत नाही. जिथे नाहीत तिथे दहा-दहा वर्षे उपनिबंधकाच्या कचेरीत खेटे चालतात.

आणि जमिनीचे काय? इमारत सभासदांची, पण खालची जमीन कागदोपत्री अजून बिल्डरच्या नाहीतर मूळ जमीनमालकाच्याच नावे, अशा सोसायट्या उपनगरांत पुष्कळ आहेत. तुमच्या-माझ्या भाषेत सांगायचे तर घर बांधून राहिलो, पण सातबाऱ्यावर अजून दुसऱ्याचाच आजोबा. तिकडे सातबाऱ्याच्या जागी मालमत्ता पत्रक असते, एवढाच फरक. बिल्डर जमीन नावे करून देत नसेल तर २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची वाट काढून दिली, जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करायचा. नाव जड आहे, काम तितके नाही. पण कागद गोळा करणारा जाणता माणूस लागतो. तलाठी भाऊसाहेबांना, आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे, हे मी वेगळे सांगायला नको. वारसनोंदीसाठी एक कागद कमी पडला की काय होते ते रोज बघतात.

हे झाले पैशाचे आणि कागदाचे. जिवाचेही आहे. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपर पश्चिमेला दामोदर पार्क भागातली चार मजली इमारत सकाळी कोसळली आणि सतरा माणसे गेली. तळमजल्यावर चाललेल्या कामात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला, प्रकरण पोलिसांत आणि कोर्टात गेले. त्यात कोणाचा किती दोष हे ठरवणे आपले काम नाही. माझा प्रश्न साधा आहे. आज उपनगरातल्या कुठल्याही इमारतीत तळमजल्यावरच्या गाळ्यात हातोडा सुरू झाला, तर तिथल्या मॅनेजरला कळते का की कोणती भिंत नुसता आडोसा आहे आणि कोणत्या खांबावर वरची बिऱ्हाडे उभी आहेत? ते कळायला तो इंजिनिअर असायला नको. पण महापालिकेची परवानगी दाखवा, इंजिनिअरचा दाखला दाखवा, तोवर काम बंद, एवढे बोलायचा अधिकार सोसायटीला आहे, हे त्याला माहीत हवे. तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी मुंबई महापालिकेच्या कायद्याने, कलम ३५३ (ब) प्रमाणे, सक्तीची आहे. आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुनीची तीन वर्षांतून एकदा करायची. तारीख लक्षात ठेवून समितीपुढे विषय मांडणारा कोण? पुन्हा तोच, ऑफिसात बसणारा.

त्याच उन्हाळ्यात, १४ जून २०१७ ला, लंडनमध्ये ग्रेनफेल टॉवर नावाची उंच इमारत जळाली आणि बहात्तर माणसे मेली. ती भाड्याच्या घरांची इमारत होती आणि राहणारे लोक आधीपासून धोक्याच्या तक्रारी करत होते. त्यानंतर तिथे बरीच चौकशी झाली, आणि २०२३ साली इंग्लंडने सामाजिक घरांसाठी जो कायदा केला त्यात घरांचे व्यवस्थापन करणाऱ्या वरिष्ठांना व्यावसायिक पात्रता घ्यावी लागेल अशी तरतूद घातली. म्हणजे घर सांभाळणे हे शिकून करायचे काम आहे हे तिकडे बहात्तर माणसे गेल्यावर पटले. आपल्याकडे घाटकोपरनंतर काय पटले?

अगदी काहीच झाले नाही असे नाही, बरे का. सहकार कायद्यात २०१३ च्या दुरुस्तीने कलम २४-अ आले आहे. त्याप्रमाणे संस्थेने सभासदांना, पदाधिकाऱ्यांना आणि कर्मचाऱ्यांना सहकाराचे शिक्षण द्यायचे असते, आणि त्यासाठी दरवर्षी शिक्षण निधी भरायचा असतो. निधी भरला जातो. शिक्षण किती होते? आमच्याकडच्या कित्येक शेतकरी प्रशिक्षणांसारखेच, हजेरीपटावर सही, नाश्त्याची पुडी, एक भाषण. मी स्वतः अशी भाषणे केली आहेत, त्यामुळे कोणाला नावे ठेवत नाही. पण एका दुपारच्या भाषणाने हिशेब लिहिता येत नाही.

त्यासाठी खरी परीक्षा आहे, आणि ती फार थोड्यांना माहीत आहे. सहकार आयुक्तांच्या मंडळामार्फत दरवर्षी जी.डी.सी. अँड ए. ही परीक्षा होते. विकास सोसायटीचे गटसचिव, बँकेचे लोक, लेखापरीक्षक व्हायची इच्छा असणारे ती देतात, त्यामुळे गावात तिचे नाव आहे. तिच्याच जोडीने सी.एच.एम. म्हणून दुसरी परीक्षा होते. सहकारी गृहनिर्माण व्यवस्थापन प्रमाणपत्र असे तिचे पूर्ण नाव. सोसायटीचा कायदा, हिशेब आणि कारभार हाच तिचा अभ्यास. उत्तरे मराठीतून लिहिता येतात. मुंबईला पंधरा वर्षे सोसायट्यांत काम करणाऱ्या आपल्या पोरांना मी हिच्याबद्दल विचारले, तर दहातल्या आठांनी नाव ऐकले नव्हते. एकाने ऐकले होते, पण ती वकिलांसाठी असते अशी त्याची समजूत.

पोराला मिळणार काय?

पगार वाढतो का, हा पहिला प्रश्न बाप विचारतो. खरे सांगायचे तर प्रमाणपत्र दाखवले आणि दुसऱ्या दिवशी पगार वाढला असे होत नाही. सोसायटीवाले चिकटच असतात. पण त्या पोराची जागा बदलते. आज चेअरमन बदलला की मॅनेजर बदलतो, कारण तो चेअरमनचा माणूस असतो. ज्याला कायदा येतो तो संस्थेचा माणूस होतो. "साहेब, हे उपविधीत बसत नाही, उद्या तुमच्यावर येईल," असे तो नम्रपणे सांगू शकतो, आणि ऐकणाऱ्यालाही ते हिताचे असते. एका सोसायटीचा हिशेब नीट लिहिणाऱ्याकडे शेजारच्या दोन सोसायट्या आपणहून येतात. चाळिशीनंतर रात्रपाळीच्या वॉचमनकीतून सुटायची याच्याइतकी सरळ वाट मला तरी दुसरी दिसत नाही.

दुसरे असे, की उपनगरांत जुन्या इमारती पाडून नव्या बांधण्याचे दिवस आहेत. बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कुठेही गल्लीत शिरा, पत्रे लावलेले दिसतात. या पुनर्विकासाची पद्धत शासनाने कलम ७९ (अ) खाली ठरवून दिली आहे, पहिली २००९ साली, सुधारलेली ४ जुलै २०१९ ला. सभा कशी बोलवायची, चित्रीकरण करायचे, संमती किती सभासदांची, निविदा कशा उघडायच्या, सगळे लिहिलेले आहे. अशा वेळी बिल्डरचा माणूस सगळ्यात आधी कोणाला चहाला नेतो? मॅनेजरला. तिथे आपला पोरगा अडाणी असेल तर तो एका पाकिटात गप्प बसतो आणि पुढे भांडण झाले की सगळे खापर त्याच्याच डोक्यावर फुटते. अभ्यास केलेला निदान कशावर सही करू नये हे तरी जाणतो.

अनुभवाचे काय, असे कोणी म्हणेल. वीस वर्षे पंप चालवणाऱ्याला पाइप कुठे गळतो ते कानाने कळते, पुस्तकवाल्याला नाही कळत. खरे आहे. म्हणून तर म्हणतो, की ही परीक्षा त्या अनुभववाल्यानेच द्यावी. कोऱ्या पोराला शिकवून पाठवण्यापेक्षा मुरलेल्याच्या हातात पुस्तक देणे केव्हाही बरे. कृषी सेवा केंद्रांतही ज्यांनी सर्वात जास्त कुरकुर केली त्या जुन्या दुकानदारांनाच त्या अभ्यासाचा सर्वात जास्त उपयोग झाला. त्यांच्याकडे जोडायला अनुभव होता.

गावातल्या घरांनाही हेच लागू आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात गवंड्यांसाठी पंचेचाळीस दिवसांचे प्रशिक्षण आहे, घरकुल बांधता बांधताच शिकायचे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी आणि सरपंचांनी ते आपल्या गावात घ्यावे. घरकुलाच्या भिंतीला दोन वर्षांत तडे गेले की लाभार्थी शासनाला शिव्या देतो, पण पाया किती खोल, सिमेंटला पाणी किती दिवस मारायचे हे गवंड्याला कोणी शिकवलेलेच नसते. याबद्दल पुन्हा कधी सविस्तर लिहीन.

आज सरपंच, पोलीस पाटील आणि सोसायटीच्या सचिवांना एकच विनंती. सी.एच.एम. परीक्षेसाठी सहकार आयुक्तांच्या पुण्याच्या कार्यालयाकडून दरवर्षी अर्ज मागवले जातात. ती सूचना निघाली की ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, आणि गावच्या मुंबईकर मंडळाच्या व्हॉट्सअॅपवर टाका. लग्नपत्रिका तिथे रोज पडतात, त्यात हीही जाऊ द्या. अडचण एकच आहे. परीक्षा साधारण मे महिन्यात असते आणि मे महिन्यातच आपली यात्रा, लग्नसराई, घराचे शाकारणे. तेव्हा घाटकोपरहून पोराचा फोन आला, की "आबा, औंदा यात्रेला यायला जमणार नाही, पेपर आहे," तर त्याच्यावर रागावू नका. पालखीला त्याच्या जागी दुसरा खांदा बघा.